तुलनात्मक राजकारणाची कार्यशाळा: पहिल्यांदा जाताना

कुडाळहून गाडी पकडून रत्नागिरीला उतरलो तेव्हा माझ्या सॅकमध्ये 52 पानांचं प्रकरण आणि पेनड्राइव्हवर तीस स्लाइड होत्या. दोन्ही चुका.

पीएच.डी.चं दुसरं वर्ष. विषय मालवणच्या रापणकरांचा (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांचा) पर्ससीनवाल्यांशी, म्हणजे यांत्रिक बोटीवरून मोठ्या जाळ्यानं माशांचा थवाच घेरणाऱ्यांशी, चाललेला झगडा. घर किनाऱ्यावरच, त्यामुळे माहितीला तोटा नव्हता. कुठल्या रात्री कुणाची होडी अडवली, 2016 साली सरकारनं पर्ससीनवर निर्बंध आणले तेव्हा कोण कुणाच्या दारात गेलं, सगळं कोंबलं होतं.

अशा कार्यशाळेत पेपर सादर करायचा नसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पेपर आठ-दहा दिवस आधी सगळ्यांना जातो आणि सगळे वाचून येतात, निदान यावं अशी अपेक्षा असते. मग डिस्कसंट म्हणून नेमलेली व्यक्ती तुमचा पेपर तुमच्याऐवजी मांडते, त्यावर बोलते. तेवढा वेळ तुम्ही गप्प. हे गप्प बसणं जड जातं. पण आपलंच म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की कागदावर काय उतरलंय आणि काय नुसतं आपल्या डोक्यात राहिलंय ते उघडं पडतं.

माझ्या डिस्कसंट मॅडमनी दहा मिनिटं कौतुक केलं आणि विचारलं, "पण ही केस कशाची?"

"मालवणची," मी म्हणालो. खोली हसली. मीही हसलो, कान मात्र गरम झाले होते.

त्यांना विचारायचं होतं, ही कुठल्या मोठ्या प्रश्नाचं उदाहरण आहे. जाण्याआधी या एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा, बाकी तयारी कमी असली तरी चालेल. ही केस कायदा कागदावरच राहण्याची आहे, की लहान उत्पादकांच्या संघटनेची, की पक्ष आणि मच्छीमार सोसायट्यांच्या साट्यालोट्याची? उत्तर बदललं की तुलना कुणाशी करायची तेही बदलतं. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्यांच्या अखत्यारीत. केरळ आणि गोव्याचे कायदे 1980 चे, आपला 1981 चा, आणि तिन्हींचा साचा बराचसा सारखा. तरी पावसाळ्यातल्या ट्रॉलिंगवर (बोटीमागं जाळं ओढत केलेल्या मासेमारीवर) केरळानं 1988 मध्येच बंदी घातली. साचा सारखा आणि निकाल वेगळा, तर फरक कुठून आला? केरळात आणि गोव्यात मच्छीमारांच्या चळवळीत चर्चमधली माणसं उतरली होती. आमच्याकडे तसं नव्हतं. हे उत्तर आहे असं मी म्हणत नाही, पण शोध सुरू करायला एवढा धागा पुरतो. बाकी सारखं असताना निकाल वेगळा आला, तर जो फरक उरतो त्यात कारण शोधायचं: तर्कशास्त्रात हीच व्यतिरेक पद्धती. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलनं ती 1843 मध्येच मांडली, आणि बारावीला आम्ही ती गुणांपुरती पाठ केली होती.

दुसरा फटका मागच्या बाकावरून आला. "तुम्ही राडा झालेलीच गावं घेतलीत. जिथं पर्ससीन आलं आणि काहीच झालं नाही, ती गावं कुठायत?" मला एकही सांगता येईना. परिणाम बघून केस निवडली की कारण कितीही पटण्यासारखं लिहा, ते तपासायला जागाच उरत नाही. भांडण नसलेल्या गावात जाऊन विचारायचं तरी काय, हा प्रश्न तेव्हा मला हास्यास्पद वाटला. पुढचे सात महिने मी तेच करत होतो.

पाठवताना वीस-पंचवीस पानंच पाठवा, आणि वर अर्ध्या पानाची चिठ्ठी जोडा: मी कुठं अडकलोय, मला कशावर मत हवंय. गाईडनी पास केलेलं, गुळगुळीत झालेलं प्रकरण पाठवू नका. त्यात कुणी हात घालत नाही. तुमच्यावर चर्चा चालू असताना शेजारच्याला टिपणं घ्यायला सांगा, कारण आपला हात नेमका तेव्हाच थांबतो. इंग्रजी अडलं तर सरळ मराठीत बोला. कोकणातल्या कार्यशाळेत त्याला कुणी नाक मुरडत नाही, आणि मुरडलंच तर मुरडू दे.

दुसऱ्यांचे पेपरही वाचून जा, मग ते नेपाळच्या 2015 च्या राज्यघटनेवर का असेनात. आणि "तुम्ही जातीचा विचार केलात का?" एवढंच विचारून बसू नका. तो प्रश्न कुठल्याही पेपरला लागू पडतो. जात नेमकी कुठल्या टप्प्यावर आडवी येते ते सांगता आलं तर मात्र जरूर विचारा.

परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं काढू नका. मी ते काढलं होतं, पण पावसानं गाडी चार तास लेट झाली म्हणून रात्री सगळ्यांबरोबर बांगड्याच्या थाळीला बसलो. समोर कारवारचा एक मुलगा होता. दिवसभर गप्प बसलेला. सोलकढी संपवता संपवता म्हणाला, "आमच्या किनाऱ्यावर रांपणीची, म्हणजे तुमच्या रापणीची, जागा पर्ससीननं सत्तरच्या दशकातच घेतली. बरेच रांपणीवालेच पुढे पर्ससीनवर गेले."

मी वेटरकडून पेन मागून घेतलं आणि बिलाच्या मागे लिहायला लागलो.