दुर्बिणीवाचून खगोलशास्त्र: बीएस्सीच्या मुलांसाठी

दारव्ह्याला घरी गेले की बीएस्सीची मुलं हमखास विचारतात, "मॅडम, आपल्याकडे मोठी दुर्बीण नाही, मग खगोलशास्त्रात जाणार कसं?" माझं संशोधन ग्रह कसे घडतात यावर, तेही सैद्धांतिक. त्यात दुर्बिणीवाचून अडत नाही. गणित कच्चं असलं की मात्र फार अडतं.

नव्या ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी फिरत असते. २०१४ मध्ये चिलीतल्या आल्मा दुर्बिणीनं एचएल टॉरी या ताऱ्याच्या तबकडीतली कडी स्पष्ट दाखवली. जिनिंगमध्ये उडणाऱ्या रुईचे तंतू गुंतून पुंजके होतात, तशी ही धूळ चिकटत वाढते. खरी अडचण पुढे आहे. वायूला स्वतःच्या दाबाचा आधार असतो, म्हणून तो किंचित हळू फिरतो. दगडाला तो आधार नाही. त्याला सतत समोरून वारा लागतो, गती मोडते आणि तो ताऱ्याकडे सरकत जातो. पृथ्वीइतक्या अंतरावर मीटरभर दगड सेकंदाला साधारण ५० मीटर वेगानं आत सरकतो. वहीत मांडून बघा: १५ कोटी किलोमीटर भागिले ५० मीटर, म्हणजे ३ अब्ज सेकंद, जेमतेम १०० वर्षं! तबकडी तर काही दशलक्ष वर्षं टिकते. मग ग्रह उरले कसे? २००५ मध्ये युडिन आणि गुडमन या शास्त्रज्ञांनी दाखवलं की वायू आणि धुळीच्या याच ओढाताणीतून अस्थिरता निर्माण होते. तिच्यामुळे दगड दाटीनं गोळा होऊन स्वतःच्या गुरुत्वानं थेट मोठे पिंड बनू शकतात, असं पुढच्या सिम्युलेशन्समध्ये दिसलं. प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, आणि मला या विषयाचं वेड लागलं ते त्यामुळेच.

म्हणून क्लासिकल मेकॅनिक्स आणि डिफरन्शियल इक्वेशन्स गाईडवरून पाठ करू नका, उदाहरणं स्वतः सोडवा. पायथन ही संगणकाची भाषा शिका. आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर शोधनिबंध फुकट मिळतात. इंग्रजी जड जात असेल तर सुरुवातीला सारांश आणि आकृत्याच वाचा.

एमएस्सीसाठी जॅम, पीएचडीसाठी जेस्ट, गेट, नेट या परीक्षा असतात. पुण्याची आयुका, बंगळुरूची आयआयए, भुवनेश्वरची नायसर या संशोधन संस्थांचे प्रवेशाचे नियम संकेतस्थळावर दरवर्षी नव्यानं बघा.

घरी पैशांचं स्पष्ट बोला. पीएचडीत फेलोशिप मिळते. २०२३ पासून जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) महिन्याला ३७,००० रुपये आहे. पण नंतर दोन-तीन वर्षांच्या पोस्टडॉक, म्हणजे तात्पुरत्या संशोधनाच्या नोकऱ्या असतात, बहुतेकदा परदेशात, आणि कायमची नोकरी लागेपर्यंत वयाची तिशी उलटते. ज्या घरात सगळं कापूस-सोयाबीनवर चालतं, तिथे हे आधीच कळलेलं बरं.

उन्हाळी प्रोजेक्टसाठी प्राध्यापकांना मेल कराल तेव्हा मार्कशीटसोबत स्वतः लिहिलेला एखादा छोटा कोड जोडा, दोन ग्रहांच्या कक्षांचा असला तरी चालेल. माझ्याकडे आलेल्या मेलमध्ये मी आधी तोच उघडते.