इंग्लंडमध्ये सकाळी आठच्या प्रभुभोजनाला पहिल्यांदा जाताना

इंग्लंडमध्ये शिकायला किंवा मुलाकडे राहायला गेलेल्या मराठी माणसाला शेजारच्या आजी कधीतरी विचारतात, "रविवारी चर्चला येता का?" आजी चर्च ऑफ इंग्लंड या तिथल्या अधिकृत ख्रिस्ती पंथाच्या असतील आणि आठच्या प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत भाकरी आणि वाइन घेण्याच्या उपासनेला जात असतील, तर ऑर्गन, गाणी, लहान मुलांचा गलका यातलं तिथे काहीच नसतं. बहुतेक ठिकाणी मोजकी माणसं येतात, तीही एकमेकांपासून दूरदूर बसतात, आणि पाऊण तासात सगळं आटपतं. कोणी बोलायला आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. शांतता हवी म्हणूनच ही मंडळी इतक्या सकाळी उठून येतात.

दहा मिनिटं आधी पोहोचा. मोठं दार बंद असेल तर बाजूचं ढकलून बघा. बूट-चपला काढायच्या नाहीत. पुरुषांनी टोपी काढायची, बायकांनी डोकं झाकायची गरज नाही. कोट मात्र अंगावर राहू द्या, जुन्या दगडी चर्चमध्ये थंडीत हाडं गारठतात. दाराशी कोणीतरी हातात पुस्तक देईल. ते घेऊन चौथ्या-पाचव्या रांगेत, कोणाच्या तरी मागे बसा. कधी उठायचं, कधी बसायचं हे त्या पाठीकडे बघून कळतं.

पुस्तक बहुधा १६६२चं 'बुक ऑफ कॉमन प्रेयर' असतं. इंग्रजी जुनं, वाक्यं लांबलचक. पंडिता रमाबाईंनी १८८३मध्ये वाँटेजला चर्च ऑफ इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा तिथे अधिकृत पुस्तक हेच होतं. काही ठिकाणी नवी, सोप्या इंग्रजीतली उपासना असते. तिच्यात मधेच सगळे एकमेकांशी हात मिळवतात, तेव्हा दचकू नका.

पाळक, म्हणजे उपासना चालवणारे धर्मगुरू, बाईही असू शकतात, १९९४पासून त्यांना ही दीक्षा मिळते. सुरुवातीला दहा आज्ञा किंवा त्यांचं सार वाचतात. मग बायबलमधल्या एखाद्या पत्रातला उतारा, तो बसून ऐकायचा. शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूच्या चरित्राचा भाग, वाचताना उभं राहायचं, आणि त्यानंतरचा मतांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सगळ्यांनी मिळून म्हणणं, उभ्यानेच. प्रवचन असलंच तर छोटं. दानाची थैली फिरली की ऐच्छिक समजा. त्यानंतर पापांची कबुली, ती गुडघ्यांवर. बाकाखाली त्यासाठी उशी असते, बहुधा गावातल्याच बायकांनी भरलेली. गुडघे दुखत असतील तर पुढे वाकून बसलं तरी चालतं, अर्धे म्हातारे तेच करतात.

आता खरा प्रश्न: प्रभुभोजन घ्यायला वेदीपाशी, म्हणजे पुढच्या पवित्र मेजापाशी, जायचं का? बाप्तिस्मा झालेल्या आणि आपल्या मंडळीत प्रभुभोजन घेणाऱ्या कुठल्याही पंथाच्या ख्रिस्ती माणसाला इथे घेता येतं. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिकांना इथून नकार नसतो, पण त्यांचं स्वतःचं चर्च याला परवानगी देत नाही. बाकीच्यांनी जागेवर बसून राहावं, कोणी वळूनही बघत नाही. किंवा पुढे जाऊन पुस्तक छातीशी धरून मान खाली घालावी, पाळक आशीर्वाद देतात.

घेणार असाल तर वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेका, डाव्या तळहातावर उजवा ठेवून हात पुढे करा. भाकरी म्हणून नाण्याएवढी पातळ पांढरी गव्हाची चकती हातावर येते. तिथल्या तिथे खायची. प्रसादासारखी घरच्यांसाठी रुमालात बांधून आणायची नाही, हे आपल्याकडच्यांना मुद्दाम सांगावं लागतं. पाठोपाठ चांदीचा प्याला येतो, सगळ्यांना एकच. बुडाला हात लावून हलकेच ओठांकडे वळवा, घोट अगदी लहान. मग पाळक पांढऱ्या फडक्याने कड पुसतात आणि प्याला थोडा फिरवून पुढच्यापुढे धरतात. आत खरी वाइन असते. नको असेल तर नुसती चकती घेतली तरी प्रभुभोजन पूर्ण मानतात. गव्हाचं पथ्य असेल तर ते उपासनेआधी कानावर घाला.

परत आलात की संपलं असं वाटेल. पण 'ग्लोरिया' हे स्तोत्र या जुन्या क्रमात शेवटी येतं, तेव्हा लगेच कोट सावरू नका. आशीर्वाद झाला की पुस्तक जागेवर ठेवा. दाराशी पाळक हात मिळवतील, "गुड मॉर्निंग" एवढं पुरे. धर्मांतराचा विषय निघेल ही धास्ती घरी ठेवून जा, तिथे बोलणं निघालंच तर पावसावर येतं.

चहा बहुधा साडेनऊ-दहाच्या मोठ्या उपासनेनंतर असतो, आठवाल्यांच्या वाट्याला येतोच असं नाही. आला तर बिनधास्त घ्या. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९०मध्ये टिळक-रानड्यांना दिलेल्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, झालं होतं, तेही याच चर्चचं मिशन. आता फार तर बिस्किट बेचव निघेल.