मुलाच्या ताब्याचा अर्ज लिहिताना

कुटुंब न्यायालयात मुलाच्या ताब्यासाठी केलेला अर्ज बहुतेक वेळा जोडीदाराच्या दोषांची यादी होऊन बसतो. न्यायालयासमोरचा प्रश्न मात्र निराळा असतो, तो म्हणजे हे मूल कोणाजवळ आणि कशा परिस्थितीत नीट वाढेल. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम १३ ने बालकाचे कल्याण हा सर्वोपरी विचार ठरवला आहे, आणि पालक व पाल्य अधिनियम, १८९० चे कलम १७ मुलाचे वय, लिंग, धर्म, पालकाचे चारित्र्य व क्षमता पाहण्यास सांगते. मुले ही आईवडिलांची मालमत्ता नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच रोझी जेकब खटल्यात स्पष्ट केले आहे.

१८९० च्या अधिनियमाखालील अर्ज मूल जेथे सामान्यतः राहते तेथील न्यायालयात करावा. दावा लावण्याच्या तोंडावर मुलाला उचलून दुसऱ्या गावी नेल्याने तेथील न्यायालयाला अधिकार मिळतोच असे नाही, आणि मुलाची शाळा व सोबती मात्र एका दिवसात तुटतात.

लिहायला बसण्यापूर्वी मुलाचा नेहमीचा आठवडा कागदावर मांडावा. त्याला सकाळी कोण उठवते, डबा कोण भरते, पालकसभेला कोण जाते, ताप आला तर रात्री कोण जागते आणि आजी-आजोबा, भावंडे कोणत्या घरी आहेत, हे तपशील ‘मी आदर्श पालक आहे’ या वाक्यापेक्षा कितीतरी अधिक बोलतात. शाळेचे प्रगतिपुस्तक, लसीकरणाचे कार्ड, डॉक्टरांची कागदपत्रे जोडावीत. नोकरी असेल तर कामाची वेळ लपवू नये. त्या वेळेत मूल कोणाजवळ असेल, ते नावानिशी सांगावे. कमी पगाराच्या पालकाने खचून जाण्याचे कारण नाही, कारण मुलाच्या खर्चाचा भार दुसऱ्या पालकावर टाकता येतो. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खालील अंतरिम पोटगी व शिक्षणखर्चाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदाच सांगतो.

पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे १९५६ च्या अधिनियमाचे कलम ६ म्हणते. यातील ‘सामान्यतः’ हा शब्द नीट वाचावा: त्याला अपवाद असू शकतो, आणि सहावे वर्ष लागले म्हणून मूल आपोआप वडिलांकडे जात नाही.

मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायाधीश त्याची इच्छा विचारात घेऊ शकतात. अनेकदा ते दालनात त्याच्याशी बोलतात किंवा विवाह समुपदेशकांना बोलायला सांगतात. या भेटीआधी मुलाला काहीही पढवू नये, हे मी कळकळीने सांगतो. पढवलेले बोलणे अनुभवी न्यायाधीशाच्या लक्षात येते, हा त्यातला लहान तोटा झाला. एका पालकाविरुद्ध साक्ष दिल्याची बोच त्या मुलाच्या मनात पुढे वर्षानुवर्षे राहते, हा खरा तोटा. ‘तुला जे वाटते ते सांग, आम्ही दोघेही रागावणार नाही’ एवढे बोलणे पुरे.

घरात हिंसा झाली असेल तर ती अवश्य लिहावी, तारखांसह आणि मुलाने काय पाहिले त्यासह. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम २१ नुसार तात्पुरता ताबा मागता येतो, आणि भेट मुलाला घातक ठरणार असेल तर ती नाकारलीही जाते.

अशी भीती नसेल तेथे दुसऱ्या पालकाच्या भेटीचे वेळापत्रक आपण होऊन अर्जात द्यावे. दोन्ही पालकांचा सहवास हा मुलाचा हक्क आहे, आणि दूर राहणाऱ्या पालकाला व्हिडिओ कॉलवर बोलू द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या यशिता साहू खटल्यात म्हटले आहे. म्हणून ‘योग्य वेळी भेट देईन’ असे मोघम न लिहिता कोणता शनिवार, कोठून नेणार, किती वाजता परत आणणार, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, मूल आजारी पडल्यास बदली दिवस कोणता, हे ठरवून लिहावे. दोघांचे एकमत झाले तर याच बाबी तडजोडीच्या अटींमध्ये घालता येतात. ताब्याचा आदेश कायमचा गोठलेला नसतो. मुलाचे वय वाढले किंवा एखाद्या पालकाची बदली झाली, तर त्यात फेरफार मागता येतो.