फायर ट्रेनिंगच्या राज्य समितीत कोण बसणार ती अट बदलायची तर काय करायचं

राजेहो, आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. फायरमनला काय शिकवायचं, किती महिने शिकवायचं, सर्टिफिकेट कोणाला द्यायचं, असलं धोरण ठरवायला राज्य पातळीवर समिती बसते (नाव काहीही असू द्या) तेव्हा आपण इकडं बोंबलतो की समितीत विदर्भाचा माणूस नाही, खेड्यातला माणूस नाही, आणि मग निवेदनात लिहितो की अमक्या भाऊंना घ्या. ते निवेदन फाइलला लागते आणि तिथंच मरते. काहून? कारण भाऊंना घ्यायची अधिकाऱ्याची इच्छा असली तरी घेता येत नाही, अर्हतेच्या (म्हणजे पात्रतेच्या अटीच्या) ओळीतच भाऊ कटलेले असतात. म्हणून माणूस मागायचा नाही, ओळ बदलून मागायची. मी वकील नाही, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आग लागली की बोअरचा पाइप ओढणाऱ्या पोरांपैकी एक आहे, निवेदनं लिहून लिहून आणि परत येऊन येऊन जे कळलं ते सांगून राह्यलो.

सगळ्यात पयले ती अर्हता नेमकी कोणत्या कागदात लिहिली आहे ते शोधा. यातच अर्ध्या लोकांची हवा जाते. अट तीन ठिकाणी असू शकते. एक, कायद्यात. आपल्याकडं आगीचा मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. दोन, कायद्याखाली केलेल्या नियमांत, जसे याच कायद्याचे २००९ चे नियम आहेत. तीन, नुसत्या शासन निर्णयात, म्हणजे जीआरमध्ये. समिती कायद्याच्या कलमातून आलेली नसेल तर बहुतेक वेळा ती जीआरवरच उभी असते, आणि ते आपल्यासाठी चांगलं आहे, कारण जीआर बदलायला विधानसभेत जावं लागत नाही. विभागानं ठरवलं तर पुरकपत्र (जुन्या जीआरला जोडायचा भर) काढून किंवा आधीचा जीआर अधिक्रमित करून, म्हणजे बाजूला सारून, नवीन काढता येतो. शुद्धिपत्रक मात्र मागू नका, ते टायपिंगची चूक वगैरे दुरुस्त करायला असते, अर्हता बदलणं म्हणजे चूक दुरुस्त करणं नव्हे आणि असा शब्द वापरला की तिथला कारकून तेवढ्यावरच परत पाठवतो.

जीआर शोधायचा तर शासनाच्या शासन निर्णय वेबसाइटवर जाऊन विभाग निवडा. राज्याची अग्निशमन सेवा नगर विकास विभागाकडं येते, गृह विभागाकडं नाही. मी पयलं निवेदन गृहला पाठवलं होतं कारण मला वाटलं पोलीस तिथं तं फायर बी तिथंच. चार महिन्यानं एक पत्र आलं, "उचित कार्यवाहीस्तव" पुढं पाठवलंय म्हणून. ती उचित कार्यवाही अजून सुरूच असेल. असो. जीआर सापडला की त्याचा अठरा आकडी संगणक संकेतांक लिहून ठेवा, त्यातले पयले आठ आकडे म्हणजे तारीखच असते, आणि निवेदनाच्या विषयात जीआरचा क्रमांक, तारीख आणि हा संकेतांक तिन्ही टाका. मग "संदर्भ लागत नाही" असं कोणी म्हणू शकत नाही. त्यानंतर वेबसाइटवर पुढच्या तारखांचे जीआर पण चाळा, नाही तं तुम्ही रद्द झालेल्या जीआरमध्ये सुधारणा मागत बसाल आणि हसं होईल.

जीआर वाचताना समितीच्या तक्त्यात तीन जातीचे लोक दिसतील. पदसिद्ध, म्हणजे खुर्चीमुळे आलेले, साहेबाची बदली झाली की नवीन साहेब आपोआप सदस्य. अशासकीय, म्हणजे बाहेरचे, नेमलेले. आणि निमंत्रित, ज्यांना बोलावलं तर यायचं आणि बहुतेक मत द्यायचा अधिकार नाही. आपल्याला काम अशासकीयच्या रकान्यात आहे. कोणी "तुम्हाला विशेष निमंत्रित करून टाकतो" म्हटलं तर चहा प्या, आभार माना, पण निवेदन मागं घेऊ नका.

आता मेन काम, ओळ लिहिणं. इथं घाई करू नका, दोन रात्री लागल्या तरी लागू द्या.

समजा मूळ ओळ अशी आहे: "अग्निशमन अभियांत्रिकीतील पदवी व अग्निशमन सेवेतील किमान १० वर्षांचा अनुभव." या ओळीतला सगळा खेळ त्या एका "व" मध्ये आहे. पदवी पण पाहिजे आणि नोकरी पण पाहिजे. "व" च्या जागी "किंवा" आला की वीस वर्षं नगरपरिषदेच्या गाडीवर काढलेला लीडिंग फायरमन पात्र झाला. पण नुसता "किंवा" केला तर उलटी बाजू पण उघडते, कालच पदवी घेतलेला, एकही आग न विझवलेला पोरगा पण पात्र. म्हणून शब्द मोजून मांडा. मी आता असं लिहितो: "अग्निशमन अभियांत्रिकीतील पदवी व किमान १० वर्षांचा अनुभव, किंवा पदवी नसल्यास क वर्ग नगरपरिषद, नगरपंचायत अथवा ग्रामपंचायत क्षेत्रात प्रत्यक्ष आग विझविण्याच्या कामाचा किमान १५ वर्षांचा अनुभव." म्हणजे पदवी कमी तर अनुभव जास्त. कागदावर ही अट "शिथिल" झाली असं दिसत नाही, "पर्यायी अर्हता" झाली असं दिसते, आणि शिथिल हा शब्द दिसला की फाइल वर जायला घाबरते हे अनुभवानं सांगतो.

एक शब्द चुकूनही टाकू नका: "सामाजिक कार्यकर्ता". आपल्याला वाटते की याच्यात गावातली धडपडी पोरं येतील. येत नाही बाप्पा. त्या शब्दाखाली कोण येते ते तुम्हाला मला माहीत आहे, ज्याचा फ्लेक्स चौकात लागलेला असते तो येते. "आगीच्या क्षेत्रात रुची असलेली व्यक्ती" हा पण तसलाच. रुची मोजता येत नाही, पंचनामा मोजता येतो.

पंचनाम्यावरून आठवलं, "प्रत्यक्ष आग विझविण्याचा अनुभव" लिहिला तर पुढचा प्रश्न येतो की पुरावा काय. फायर ब्रिगेडवाल्याकडं लॉगबुक असते, आपल्याकडं काय असते? आपल्याकडं तलाठ्याचा पंचनामा असते. गंजी जळाली, गोठा जळाला, की नुकसानीसाठी पंचनामा होते आणि पंच म्हणून कोणाच्या सह्या असतात, जे तिथं हजर होते त्यांच्या. तेव्हा प्रस्तावित ओळीखाली स्पष्टीकरण जोडा की अनुभवाचा पुरावा म्हणून महसूल पंचनामा, पोलीस पाटलाचा दाखला किंवा ग्रामसभेचा ठराव ग्राह्य धरावा. पुरावा काय धरायचा हे तुम्ही नाही लिहिलं तर ते लिहितील, आणि ते "सक्षम प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र" लिहितील, मग हिंडा.

कारणं लिहिताना भाषण नको, आपल्याकडची आग वेगळी आहे एवढंच दाखवा. जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात) रुईला लागलेली आग वरून विझली तरी गाठीच्या आत धुमसत राहते आणि दोन दिवसांनी परत पेट घेते, हे ज्यानं पाहिलं तो ट्रेनिंगमध्ये गाठी फोडून पसरवायचं प्रात्यक्षिक मागणारच. हायड्रंट आमच्याकडं नाही, विहीर आहे, आणि थ्री फेज लाइन रात्रीची आहे की दिवसाची त्यावर मोटर चालते. जवळची फायर गाडी तालुक्याच्या नगरपरिषदेची, ती येईपर्यंत फवारणीचे पंप आणि ओली पोती. तिकडं गडचिरोली, मेळघाटात मोहफुलं वेचायला झाडाखालचा पालापाचोळा जाळतात आणि तिथून वणवा निघते, वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, जाळरेषा (वणवा पुढं जाऊ नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) काढणारे मजूर दर वर्षी तेच, पण समितीच्या अर्हतेत त्यांच्यासाठी एक शब्द नसते.

आणि भंडारा. ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली, १७ पैकी १० बाळं गेली, ७ वाचवता आली. अशा ठिकाणी आगीपाशी पयले पोहोचते ते वॉर्डातले लोक, नर्स, वॉर्डबॉय, गार्ड. फायरची गाडी कितीही लवकर आली तरी नंतरच येते. मग ट्रेनिंगचं धोरण ठरवताना दवाखान्यातल्या नर्सला जागा असायला नको का? मी माझ्या मसुद्यात वेगळी एक जागा मागतो: "शासकीय रुग्णालयातील किमान १० वर्षे सेवा झालेली अधिपरिचारिका." हे भंडाऱ्याचं नाव वापरून कोणाला दोष द्यायला लिहू नका, घडलं काय तेवढं लिहा, ते पुरेसं आहे.

बाहेरचं उदाहरण पाहिजे असेल तर एकच द्या. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या फायर सर्व्हिसेस बोर्डात विनापगारी, स्वयंसेवी फायरफायटरसाठी एक जागा कायद्यातच लिहिलेली आहे. नोकरीतल्या माणसाशिवाय दुसरा कोणी अशा टेबलावर बसलेला नाही असं म्हणणाऱ्याला एवढं उत्तर पुरते. जास्त परदेश लिहिला की वाचणारा वैतागते.

दोन बारीक गोष्टी ज्या लोक विसरतात. आताच्या सदस्यांचं काय? नवीन अट आली की जुने अपात्र होतात असा अर्थ निघाला तर तेच सगळे मिळून तुमची फाइल पाडतील. म्हणून शेवटी एक ओळ: "विद्यमान सदस्य त्यांचा कार्यकाळ पूर्ण होईपर्यंत कायम राहतील." सगळा विरोध थंडा. दुसरं, बैठक मुंबईत असते. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसनं रात्र काढून जायचं, मीटिंग पाऊण तासाची, परत रात्र. हजेरी नाही म्हणून सदस्यत्व रद्द, असं कलम जीआरमध्ये असेल तर आपला माणूस पयल्याच वर्षी बाहेर. तेव्हा व्हीसीची (व्हिडिओ कॉन्फरन्सची) हजेरी धरावी आणि वर्षात एक बैठक नागपुरात घ्यावी असं मागा. नागपुरात राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून आहे, देशभरातले अधिकारी तिथं शिकायला येतात, तं राज्याची एक बैठक तिथं घ्यायला काय हरकत.

मसुदा झाला की ग्रामसभेत ठेवा. वर्षात चार तरी ग्रामसभा घ्याव्याच लागतात, २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या सभेत गर्दी असते. गणपूर्ती म्हणजे १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते. ठरावात अर्हतेची प्रस्तावित ओळ शब्द न् शब्द उतरवायला लावा, "अर्हतेत योग्य बदल करावा" असा गोल ठराव कामाचा नाही. आजूबाजूच्या पाच सहा गावांनी तीच ओळ घेतली तर वजन येते, पण सगळ्यांनी एकच झेरॉक्स लावू नका, प्रत्येक गावानं आपल्या आगीचं एक उदाहरण टाकावं.

निवेदनाची मूळ प्रत नगर विकास विभागाला, प्रतिलिपी अग्निशमन सेवा संचालनालयाला आणि आपल्या आमदाराला. हातोहात दिलं तर बारनिशीतून (आवक-जावक टेबलावरून) आवक क्रमांकाची पोच घ्या, पोस्टानं दिलं तर स्पीड पोस्टची पावती निवेदनाच्या झेरॉक्सलाच चिकटवा, वेगळी ठेवली की हरवते.

उत्तर नाही आलं, आणि बहुतेक येत नाही, तर माहिती अधिकार. दहा रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, हे आपल्या राज्याचे नियम आहेत. "काय केलं" असं विचारू नका. "माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या निवेदनावरील टिपणी व पत्रव्यवहाराच्या प्रती" आणि "सध्याच्या प्रत्येक अशासकीय सदस्याची नेमणूक कोणत्या अर्हतेवर झाली त्या आदेशाच्या प्रती" एवढंच मागा. ३० दिवसांत नाही मिळालं तर पुढच्या ३० दिवसांत वीस रुपयाचा स्टॅम्प लावून पयलं अपील. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाचताना मजा येते, कधी कधी असं निघते की आपल्याला जी अट सांगतात ती आतल्या माणसालाच लागू झालेली नसते. तो कागद आमदाराच्या हातात द्या.

आमदाराकडं जायची वेळ पण असते. डिसेंबरात अधिवेशन नागपुरात, तेव्हा सगळं विदर्भ गेटवर उभं राहते, तिथं तुमचं निवेदन ढिगात जाते. त्यापेक्षा अधिवेशनाच्या दीड दोन महिने आधी, दिवाळीच्या आसपास, त्यांच्या पीएला भेटा आणि तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागते तो) तयार लिहूनच द्या, कारण प्रश्न आधी पाठवावे लागतात. अट जीआरमध्ये असेल तर मंत्र्यानं सभागृहात दिलेलं आश्वासन पुष्कळ झालं, त्याचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. अट कायद्यातच असेल तर मग सुधारणा विधेयकच लागते, ते लांबचं काम आहे, एकट्या गावाचं नाही. आणि नियमांत असेल तर राजपत्रावर लक्ष ठेवा, मसुदा प्रसिद्ध करून हरकती सूचना मागवतात, त्यात दिलेल्या तारखेच्या आत पोहोचलेली सूचनाच धरतात, एक दिवस उशीर झाला तर गेली.

अट बदलली असं धरून चाला आणि आतापासूनच दोन बायोडाटा तयार ठेवा, त्यातला एक बाईचा. पंचनाम्याच्या नकला, पोलीस पाटलाचा दाखला, सगळं एका फाइलीत. नवीन जीआर निघाला की नामनिर्देशनाला कधी कधी पंधराच दिवस मिळतात आणि तेव्हा तलाठी साहेब नेमके रजेवर असतात.