शनिवार-रविवारी दादरचा बाजार कसा करावा

शनिवारी संध्याकाळी दादर पश्चिमेला स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की गर्दी आपल्याला ढकलत पुढे नेते. बहुतेकांची खरेदी मग तिथेच, पहिल्या दोनशे पावलांत उरकते, मिळेल त्या भावात आणि मिळेल त्या रंगात. बाजार मात्र त्याच्या कितीतरी पुढे पसरलेला आहे. तो नीट पाहायचा तर रिकाम्या हाताने आधी लांबच्या टोकाला जावं आणि खरेदी करत करत स्टेशनकडे परत यावं. असं केलं की भाव आधीच कळलेले असतात आणि पिशव्या जड होतात तेव्हा गाडी जवळ आलेली असते.

आधी दिशा पक्क्या करा

पश्चिमेला बाहेर पडलं की समोर सेनापती बापट मार्ग आणि त्यावरचा केशवसुत उड्डाणपूल दिसतो. हा पूल रुळांना समांतर जातो, म्हणजे पूल दिसला की स्टेशन आलं. आता तोंड समुद्राकडे करा. उजव्या हाताला टिळक पूल, कोतवाल उद्यान, प्लाझा सिनेमा आणि शिवाजी मंदिर हे नाट्यगृह. डाव्या हाताला कबुतरखाना. कबुतरखान्यापासून प्लाझाकडे जातो तो केळकर रोड. त्याच्या पलीकडे, साधारण त्याच दिशेने, पोर्तुगीज चर्चकडून शिवसेना भवनाकडे जाणारा गोखले रोड. आणि या दोन्हींना छेदत स्टेशनकडून शिवाजी पार्कच्या बाजूला जातो तो रानडे रोड. मधल्या गल्ल्या पाठ करायची काहीच गरज नाही, कुठलीही गल्ली यांपैकी एखाद्या रस्त्यावर आणून सोडतेच.

वाट विचारायची वेळ आली तर दुकानाचं नाव विचारू नका. "प्लाझा कुठल्या बाजूला?" किंवा "कबुतरखान्याकडे कसं जायचं, दादा?" असं विचारा. फुटपाथवर क्लिपा विकणारी ताईसुद्धा हातातलं काम न थांबवता दिशा दाखवते. गर्दीत मोबाईलमधल्या नकाशात डोकं घालून उभं राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

वेळ कोणती?

फुलं घ्यायची असतील तर पहाट. मीनाताई ठाकरे फूल मंडई आणि तिच्या आजूबाजूचा रस्ता उजाडायच्या आधीच भरतो. कपडे, भांडी, पूजेचं साहित्य यांची दुकानं दहा-अकराशिवाय उघडत नाहीत. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की फुलं आणि कपडे एका फेरीत करू नयेत. मोगरा दुपारपर्यंत पिशवीत कोमेजतो आणि साडी निवडताना आपलं अर्धं लक्ष त्याच्याकडे लागलेलं असतं.

कपड्यांसाठी शनिवारी किंवा रविवारी दुकानं उघडता उघडता पोचा. दुपारी चारनंतर रानडे रोडवर चालणं म्हणजे नुसतं सरकणं. गणपती, दसरा, दिवाळी यांच्या आधीच्या शनिवार-रविवारी तर लहान मुलांना आणि गुडघे दुखणाऱ्या आजींना घरीच ठेवा. ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीकडे देशभरातून लोक येतात. ते दिवस त्यांचे आहेत, तेव्हा खरेदी पुढे ढकलावी.

फुलं घेताना

मंडईत एकदम पहिल्या टोपलीजवळ थांबू नका. एक फेरी मारून झेंडू, शेवंती, निशिगंध यांचे भाव कानावर येऊ द्या. भाव किलोचा सांगतात आणि पाव किलोही देतात, पण पाव किलोचा दर किलोच्या हिशेबाने जरा चढाच असतो. शेजारणीबरोबर मिळून किलो घेतलेला परवडतो.

झेंडू हातात घेऊन उलटा करा. खालचा हिरवा देठाकडचा भाग बोटांनी हलकेच दाबा. तो टणक लागला तर फूल ताजं, मऊ आणि काळपट असेल तर ते दुसऱ्या दिवशी गळणार. मग ढिगात थोडा खोलवर हात घाला. वरची फुलं टवटवीत असतात, पण आतून गार ओल लागली तर पाणी जास्त मारलंय. ते पाणी आपण वजनात विकत घेतो, वर फुलं लवकर कुजतात ते वेगळंच. "कोरडी द्या मावशी, उद्याला हवीत" एवढं सांगितलं तरी बरेचदा दुसऱ्या टोपलीतून मिळतात. सकाळी भवानीच्या वेळी मात्र उगाच घासाघीस करून न घेता निघून जाऊ नये. विकणाऱ्याला ते मनापासून लागतं.

रानडे रोड, येताना

जाताना फक्त पाहत जा आणि आवडलेल्या वस्तूचा भाव विचारून ठेवा. गोखले रोडपर्यंत पोचलात की चहा घ्या, बसा, आणि मग परत फिरा. दुकानात पाटीवर फिक्स रेट असेल तर भाव करू नका. फुटपाथवर करा, पण हसत, आणि दिलेला शब्द पाळून. भाव ठरल्यावर "नको" म्हणणं फार वाईट.

ब्लाउजपीस, अस्तर, फॉल घ्यायचं असेल तर साडी बरोबर आणाच. मोबाईलमधला फोटो रंगाच्या बाबतीत दगा देतो. मॅचिंगच्या दुकानात ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग पायरीवर, उजेडात आणून पुन्हा पाहा. चांगले दुकानदार स्वतःच कापड घेऊन बाहेर येतात.

फेरीवाल्याकडे वस्तू निवडली की लगेच पैसे देऊन पिशवीत टाका, "जाऊन येते, ठेवा बाजूला" म्हणू नका. महापालिकेची गाडी आल्याची हाक उठली की चादरीची चार टोकं एकत्र येतात, गाठोडं खांद्यावर जातं आणि क्षणात जागा रिकामी होते. त्या धावपळीत एखाद्या दुकानाच्या पायरीवर सरकून उभं राहावं. दोन-तीन मिनिटांत रस्ता मोकळा होतो.

एकमेकांना चुकलात तर

"स्टेशनबाहेर भेटू" हे ठिकाण नव्हे. तिथे शेकडो माणसं कुणाची तरी वाट पाहत उभी असतात. निघतानाच शिवाजी मंदिराचं दार किंवा प्लाझा असं एकच ठिकाण ठरवा. लहान मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा आणि त्याला सांगून ठेवा की चुकलास तर शोधत फिरू नकोस, आहेस तिथेच थांब. मूल सापडत नसेल तर ११२ ला फोन करायला जराही उशीर करू नका.

परतताना

रविवारी निघण्याआधी रेल्वेचा मेगाब्लॉक (रूळ-दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवण्याची वेळ) आहे का ते पाहाच, कारण ब्लॉक असला की धीम्या-जलद गाड्यांची उलटापालट होते. डिसेंबर २०२३ पासून दादरचे फलाट १ ते १४ असे सलग क्रमांकाचे झाले आहेत: १ ते ७ पश्चिम रेल्वेचे, ८ ते १४ मध्य रेल्वेचे. घरातली वडीलधारी मंडळी अजून जुनेच नंबर सांगतात, म्हणून फलाटावर उतरण्याआधी पाटी वाचा.

स्टेशनच्या पादचारी पुलावर मात्र थांबू नका. पिशवी सावरायला नाही, फोनला नाही, पाऊस आला म्हणूनही नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला इथून पुढच्याच स्टेशनच्या, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोडच्या, पुलावर पावसात थांबलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक जीव गेले. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट आहे ही. पूल तुंबलेला दिसला तर खालीच थांबा. एक-दोन गाड्या जाऊ द्या, जिना मोकळा झाला की कठड्याच्या बाजूने, पिशव्या पुढे धरून चढा.