रोबो घेण्याआधी: छोट्या लॅबमध्ये कॅटॅलिस्टचा शोध लवकर कसा उरकावा

ऑटोमेशन म्हटलं की लोक थेट रोबोची किंमत विचारतात. पुण्यात पाषाणला आमच्या लॅबमध्ये येणारी नवी मुलंही तेच विचारतात. मी त्यांच्या हातात स्टॉपवॉच देते. एक कॅटॅलिस्ट (रिअ‍ॅक्शनला वेग देणारा उत्प्रेरक) पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः करायचा आणि वजन, द्रावण, इंप्रेग्नेशन (धातूचं द्रावण पुडीत मुरवणं), वाळवण, भट्टी, रिडक्शन, रिअ‍ॅक्शन, जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) अशा प्रत्येक पायरीला किती वेळ गेला ते लिहायचं. वाळवण आणि भट्टी रात्रीतून आपोआप होतात, तिथे माणूस लागत नाही. गाडी अडते ती बहुतेक वेळा जीसीपाशी.

हिशेब करून बघा. जीसीत एक नमुना सोडून मोजायला, म्हणजे एका इंजेक्शनला, २० मिनिटं धरली, तर १६ नळ्यांच्या समांतर रिअ‍ॅक्टरची एक फेरी ३२० मिनिटांची, म्हणजे ५ तास २० मिनिटांची होते. पहिली नळी कॅटॅलिस्ट ताजा असताना मोजली जाते आणि सोळावी पाच तास चालून दमल्यावर. मग तुलना कशाची कशाशी करणार? अशा लॅबने महागडा पिपेटिंग रोबो घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आधी जीसीची मेथड छाटा. जीसीच्या आलेखातल्या ज्या दोन-तीन पीक्सवर (शिखरांवर) निर्णय होणार आहे तेवढेच ठेवा, जड घटक बॅकफ्लशने (गॅस उलटा फिरवून) बाहेर काढा. मास स्पेक्ट्रोमीटर असेल तर पहिली चाळणी त्यावर लावा आणि बऱ्या वाटलेल्या नळ्याच जीसीवर न्या. नळ्या मोजायचा क्रमही दर फेरीला बदला.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं तेच सगळे टाळतात. सोळाही नळ्यांत एकच कॅटॅलिस्ट भरा आणि चालवा. आकडे सारखे येणार नाहीत. कडेच्या नळ्या थोड्या थंड असतात, एखादीत भरण घट्ट बसलेलं असतं. घट्ट भरलेल्या नळीतून गॅस कमी जातो, त्यामुळे तो कॅटॅलिस्टवर जास्त वेळ रेंगाळतो, कन्व्हर्जन (कच्च्या मालातला किती भाग बदलला ते) वाढतं आणि तुम्हाला वाटतं हिरा सापडला! म्हणून दाणे चाळून एकाच मापाचे घ्या आणि प्रत्येक नळीचा फ्लो वेगळा मोजा. सोळा नळ्यांत मिळून जेवढी तफावत दिसेल तेवढी तुमच्या यंत्राची गडबड समजा. ती ५ टक्के असेल, तर ३ टक्क्यांनी सरस ठरलेल्या नमुन्याचे पेढे वाटू नका. पुढच्या प्रत्येक बॅचमध्ये एक नळी नुसत्या सिलिकॉन कार्बाइडची (ते रिअ‍ॅक्शनमध्ये पडत नाही) आणि एक ओळखीच्या कॅटॅलिस्टची ठेवाच, आणि त्यांची जागा फिरती ठेवा.

ढीगभर नमुने भराभर तपासायचं हे खूळ जुनंच आहे. अमोनिया बनवणाऱ्या कॅटॅलिस्टसाठी बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीत आल्विन मिटाश या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ पासून शोध सुरू केला आणि १९१२ पर्यंत सुमारे २५०० मिश्रणांवर सुमारे ६५०० चाचण्या घेतल्या. रोबो नव्हता, संगणक नव्हता. एकसारखे छोटे दाब-रिअ‍ॅक्टर होते आणि त्यांत चटकन बदलता येतील अशी कॅटॅलिस्टची काडतुसं होती. लोखंडात ॲल्युमिना आणि पोटॅश घालण्याची कृती त्यातूनच हाती लागली.

आता नमुने बनवण्याकडे. यातलं इंप्रेग्नेशन यंत्राकडे देण्यासारखं आहे, पण आधी एकदा हाताने करून बघा. एक ग्रॅम ॲल्युमिनाच्या पुडीवर (धातू हिच्यावरच बसणार) थेंब-थेंब पाणी सोडत काचकांडीने ढवळत राहायचं. बराच वेळ पूड कोरडीच दिसते, मोकळी घरंगळते. मग एका थेंबाला ती अचानक काचेला चिकटते, गोळे धरते. तिथे थांबायचं. समजा ०.७ मिलिलीटर निघालं, तर तेवढ्याच नायट्रेट द्रावणात हवा तो धातू बसवायचा. रोबोची खोड अशी, की तो सगळं द्रावण एका जागी ओततो. वर कवच धरतं आणि खालची पूड पांढरीच राहते. कोबाल्ट असेल तर गुलाबी-पांढरे पट्टे डोळ्यांनाच दिसतात. म्हणून मात्रा पाच-सहा हप्त्यांत द्या आणि मध्ये कुपी शेकरवर हलवा. दाट द्रावण पाण्यासारखं पळत नाही, तेव्हा पिपेटचा वेग कमी करा आणि कॅलिब्रेशन त्याच द्रावणाने करा, तेही तराजूवर.

पुण्याच्या पावसाळ्याचं एक सांगायलाच हवं. जुलैत तांब्याचं किंवा कोबाल्टचं नायट्रेट बाटली उघडताच ओल धरतं. वजन बरोबर दिसतं, धातू कमी असतो. घन पदार्थ तोलत बसूच नका. एकदाच मोठं स्टॉक द्रावण करा, टायट्रेशनने त्याची तीव्रता ठरवा आणि यापुढे फक्त द्रव मोजा. पूड तोलणं हे ऑटोमेशनमधलं सगळ्यात चिवट काम आहे, तेही यामुळे बरंचसं टळतं.

हात बसवायला ४-नायट्रोफिनॉल आणि सोडियम बोरोहायड्राइडची रिअ‍ॅक्शन घ्या. पिवळा रंग जातो, ४०० नॅनोमीटरला मोजता येतं. हायड्रोजनचे बुडबुडे रीडिंग बिघडवतात, तेवढं सांभाळा. मात्र त्यावरून मिथेनॉलचा कॅटॅलिस्ट निवडायला जाऊ नका.

पुढचा प्रश्न कुठले नमुने करायचे हा. पाच घटक, प्रत्येकाच्या पाच पातळ्या, म्हणजे ३१२५ नमुने. रोज १६ केले तरी १९६ दिवस. पहिल्या एक-दोन बॅचेस सोबोल पद्धतीने सगळ्या क्षेत्रात पसरून घ्या. मग आधीच्या निकालांवरून अंदाज बांधणाऱ्या बायेशियन ऑप्टिमायझेशनला पुढचे १६ सुचवू द्या. पायथॉनमध्ये बोटॉर्चसारख्या फुकट लायब्ररी आहेत. लिव्हरपूल विद्यापीठाच्या फिरत्या रोबोने याच युक्तीने ८ दिवसांत ६८८ प्रयोग केले आणि पाण्यातून हायड्रोजन सोडणारं, सुरुवातीच्या मिश्रणापेक्षा सहापट सक्रिय फोटोकॅटॅलिस्ट (प्रकाशावर चालणारं) मिश्रण शोधलं. ते काम २०२० मध्ये छापून आलं. पण कुठले घटक तपासायचे हे माणसांनीच ठरवलं होतं, हे बातम्यांत फारसं येत नाही. आणखी एक: तुलना करताना कन्व्हर्जन २० टक्क्यांच्या आत ठेवा. सगळ्या नळ्या ९८ टक्के दाखवत असतील, तर अल्गोरिदम काय, ब्रह्मदेवही त्यांत फरक करू शकणार नाही.

फसलेले नमुनेही फाइलमध्ये हवेत, शून्य आलं तर शून्य लिहा. मॉडेल त्यातूनच शिकतं. प्रत्येक कुपीला क्यूआर चिकटवा आणि रसायनाचा लॉट नंबर, त्या दिवशीची आर्द्रता सोबत नोंदवा.

रिले, स्टेपर मोटर, वायरी बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास मिळून जातात, ते चालवायला रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक छान पुरतो. हायड्रोजनची सुरक्षा मात्र त्याच्यावर सोपवायची नाही, म्हणजे नाही. गॅस डिटेक्टरचा ट्रिप (गॅस तोडणारा सिग्नल) थेट वायरीने व्हॉल्व्हला जोडा. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बहुधा गुरुवारी जाते, पाणीही बऱ्याचदा त्याच दिवशी बंद. वीज गेली की हायड्रोजनचा व्हॉल्व्ह आपोआप बंद आणि नायट्रोजनचा आपोआप उघडा, असे व्हॉल्व्ह निवडा. कंडेन्सरच्या पाण्यावर फ्लो स्विच लावा, म्हणजे पाणी थांबलं की भट्टी थांबेल.

यादीत वर आलेले तीन-चार नमुने दुसऱ्या माणसाकडून, रोबोशिवाय, दहा-दहा ग्रॅम बनवून घ्या. गोळ्या पाडा, एका साध्या नळीत निदान शंभर तास चालवा. मिलिग्रॅममध्ये चमकलेले बरेच जण इथे गळतात. जो टिकेल त्याच्यासाठी मोठ्या रिअ‍ॅक्टरचं ड्रॉइंग भोसरीच्या फॅब्रिकेटरकडे पाठवा.