दक्षता सप्ताहाची तयारी सप्टेंबरपासून

आपल्या सार्वजनिक कंपनीच्या दक्षता विभागात नव्याने आलेल्यांसाठी हे लिहितोय. भ्रष्टाचाराविरुद्ध जागृतीचा हा सप्ताह येतो 31 ऑक्टोबरच्या, म्हणजे सरदार पटेलांच्या जयंतीच्या आठवड्यात. पण कामाला दसऱ्यानंतर लागलात तर हातात फक्त फ्लेक्स आणि फोटो उरतील. केंद्रीय दक्षता आयोगाने 2025 साठी विषय दिला होता 'सतर्कता : आपली सामायिक जबाबदारी' अशा अर्थाचा. विषय दरवर्षी बदलतो, म्हणून जुना फ्लेक्स वापरू नका, आणि नवा छापताना 'सत्यनिष्ठा'मधला 'ष्ठ' स्वतः तपासा.

पहिलं काम कॅलेंडर उघडण्याचं. 2024 मध्ये सप्ताह 28 ऑक्टोबर ते 3 नोव्हेंबर होता आणि लक्ष्मीपूजन ऐन त्यातच. शाळा बंद, कामगार गावी, आणि निबंध स्पर्धेच्या बक्षिसांचे पेन आमच्या कपाटात. तेव्हापासून शाळांचे कार्यक्रम सहामाही परीक्षेच्या आधी उरकतो. मुख्याध्यापकांना पत्र सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्या, आणि 'भ्रष्टाचार एक कीड' हा विषय देऊ नका. त्यावरचे सगळे निबंध एकाच गाइडमधून येतात. आम्ही एकदा 'घरातल्या कुणाचं काम कुठे अडलं होतं?' असं विचारलं, तर मुलांनी सातबाऱ्यापासून पासपोर्टपर्यंत सगळं लिहून काढलं. ते निबंध भिंतीवर मात्र लावता आले नाहीत.

आजूबाजूच्या गावांत जायचं असेल तर वेगळी ग्रामसभा मागू नका, कुणी येत नाही. 2 ऑक्टोबरला ग्रामसभा असतेच. तिची नोटीस निघण्याआधी सरपंचांना भेटून विषयपत्रिकेत दहा मिनिटं मिळवा. तिथे काय सांगायचं यावर मात्र खरा विचार करा, कारण आपली सगळ्यात मोठी चूक इथेच होते. आपण 'पिडपी'ची, म्हणजे जनहितासाठी तक्रार करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या केंद्राच्या ठरावाची, पत्रकं वाटतो. सत्येंद्र दुबे या अभियंत्याच्या 2003 मधल्या हत्येनंतर, 2004 साली आलेला हा ठराव तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवतो, पण तो केंद्र सरकारची खाती आणि आपल्यासारख्या सार्वजनिक कंपन्यांपुरता आहे. गावकऱ्याची फाइल अडलेली असते तहसिलीत किंवा पंचायत समितीत. त्याला हवा राज्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक, मोठ्या अक्षरात. आणि सेवा हक्क कायदा 2015 खाली कोणता दाखला किती दिवसांत मिळायला हवा, त्याचा साधा तक्ता. जमलं तर लाचलुचपत विभागाचाच अधिकारी बोलवा. लोक दोनच प्रश्न विचारतात : लाच घेणाऱ्याला पकडायच्या सापळ्यात लावलेले आमचे पैसे परत कधी मिळतात, आणि तक्रार केल्यावर मूळ काम होतं का. त्यांची उत्तरं त्याच्याकडूनच ऐकलेली बरी.

'पिडपी' ठेवा कामगार आणि ठेकेदारांसाठी. तिथे चित्र काढून दाखवा : बंद पाकीट, त्यावर 'पिडपी', पत्ता आयोगाच्या सचिवांचा, पाकिटावर स्वतःचं नाव नाही, नाव-पत्ता आतल्या पत्रात. नाव आतही लिहिलं नाही तर तक्रार चालत नाही, हे दोनदा सांगा.

सप्ताहातल्या सचोटीच्या प्रतिज्ञेवर फार वेळ घालवू नका. ऑनलाइन आहे, प्रमाणपत्र मिळतं, मुख्यालयाला आकडा हवा असतो. तो द्या.

पुरवठादारांचा मेळावा मात्र नीट करा. लेखा विभागाचा माणूस समोर बसणार नसेल तर मेळावाच घेऊ नका. लहान पुरवठादाराला कायद्याने 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि बिल रखडलं की 'थोडं वजन ठेवा' तिथूनच सुरू होतं. महिनाभर आधी थकलेल्या बिलांची यादी मागवा आणि मेळाव्यापर्यंत निम्मी तरी मोकळी करा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, सक्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवावं लागतं. हे सांगितलं की सभागृह गप्प होतं. त्या शांततेत घाईने चहा फिरवू नका. कुणीतरी बोलतो.

आता दिवाळीचे डबे. ज्या गेटवर आपला फ्लेक्स, त्याच गेटमधून सुकामेव्याचे डबे आत येतात. 'भेटवस्तू आणू नयेत' असं पत्र सगळ्या पुरवठादारांना नवरात्रातच, महाव्यवस्थापकांच्या सहीने जाऊ द्या. आपली सही कुणी वाचत नाही. सिक्युरिटीकडे स्वतंत्र रजिस्टर ठेवा : कुणी आणला, कुणासाठी, परत नेला का. 'अहो, प्रसाद आहे' म्हणणारे भेटतील, त्यांचंही नाव लिहायचं. साहेबांच्या बंगल्यावर थेट पोचणाऱ्या डब्यांसाठी रजिस्टर नाही, तेव्हा पत्राची एक प्रत बंगल्यांवरही पाठवा. गेल्या वेळी पहिली नोंद आमच्याच विभागाच्या नावाने आलेल्या डब्याची होती, आणि आणणारा होता फ्लेक्स छापणारा.